हिंदुराव महाराजांची पुडी

"आवळ मूठ!" हिंदुराव महाराज गरजले आणि दीपमालाची बोटं तळहातात अलगद मिटली. आठवड्यापूर्वी हिला चहाचा कपही धरवत नव्हता. निघोजे गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये पहिली शिफ्ट सुटून आलेली शे-दीडशे माणसं हात जोडून उभी राहिली.

"सांध्यात वारं कोंडलं हुतं, आमी काढलं! पर आमच्या औषधाची पुडी चुकली, तर दुप्पट हून परत येतंय."

मी मिनल, कारखान्यात तिच्याच वायरिंगच्या लाइनवर तपासणीला असते. दीपमाला कंत्राटी. बोटं चालली नाहीत तर कामावरून गेट बंद, म्हणून पुडीत काय आहे हे न विचारता मी गप्प बसले. चुकलंच माझं.

चार महिन्यांत तिचा चेहरा गरगरीत सुजला, नुसता धक्का लागला तरी दंड काळानिळा. महाराज म्हणे, "तेज चढतंय!" एकदा दोन दिवस पुडी चुकली. उलट्या, चक्कर, अंथरुणातून उठवेना. महाराजांचा शब्द खरा ठरला, शेडमधली गर्दी दुप्पट झाली.

"इकडे आड तिकडे विहीर झालंय गं," दीपमाला रडत म्हणाली. "खाल्ली तर भीती, सोडली तर मरण."

मला आमचाच राग आला. वायरचं नवं रीळ तपासून हिरवी चिठ्ठी लावल्याशिवाय आम्ही लाइनवर चढवत नाही, आणि पोटात बिनचिठ्ठीची पुडी! तिला आणि दोन पुड्या घेऊन मी सरकारी दवाखाना गाठला. पुडीच्या तपासणीचा अहवाल आला. पुडीत भरमसाट स्टेरॉइड होतं.

"वारंबिरं काही नाही, हा एक प्रकारचा संधिवात आहे," डॉक्टर आम्रपाली म्हणाल्या. "सांध्याच्या आतल्या अस्तरात आपल्याच रक्षक पेशी घुसतात आणि सांध्यालाच शत्रू समजून पोखरतात. पुडीतलं स्टेरॉइड त्यांना गप्प करतं; चेहऱ्याची सूज, काळेनिळे डाग त्याचेच. शिवाय असंच एक द्रव्य शरीर स्वतः बनवतं, ते पुडीमुळे बनायचं थांबलंय. म्हणून सोडल्यावर कोसळलात."

"मग आजपासून बंद करू?" दीपमालानं विचारलं.

"एकदम नाही! मोजून, हळूहळू उतरवू. आणि आजारावरचं खरं औषध आज सुरू करू."

गुरुवारी शेडमध्ये महाराजांनी तिला पुन्हा पुढे बोलावलं. तिनं मूठ आवळली. टाळ्या पडल्या.

"आवळली, ती स्टेरॉइडनं," तिनं अहवाल उंच धरला. "यांनी मला बरं नाही केलं, बांधून ठेवलं."

"कोप हुईल!" महाराज ओरडले.

"पुडीत काय हाय, त्ये सांगा की आधी," रांगेतल्या अंबूबाई म्हणाल्या. महाराजांनी रांगेतल्या पुढच्या माणसाला हाक मारली. अंबूबाईंनी कनवटीची पुडी काढून फेकायला हात उगारला.

"मावशी, फेकू नका!" दीपमालानं त्यांचा हात धरला. "एकदम सोडाल तर जिवावर बेतेल. पुडी घेऊन डॉक्टरकडे चला."

अकरा जणी आमच्याबरोबर निघाल्या. बाकीचे रांगेतच राहिले. देव माना, नका मानू, तुमची मर्जी. पण पोटात जाणाऱ्या वस्तूत काय आहे, एवढं विचारा. जो सांगत नाही, त्याच्यापुढे हात पसरू नका.