चौदा नंबरचा खिळा

“अजून फिरतंच हाय,” हिरी म्हणाली.

तिने मोबाईल हातभर लांब धरला होता. पडद्यावर एक बारीक वर्तुळ गोल गोल फिरत होतं. तलासरीच्या कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या उंबऱ्यावर ती बसली होती. शेजारी गाठोडं, एक पातेलं आणि प्लास्टिकची घागर. चार वाजता नाक्यावरून टेम्पो सुटणार होता. पाड्यावरची अकरा माणसं वीटभट्टीवर निघाली होती, ती आता वैशाखातच परतणार. तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

“आत ये गो,” नवशी म्हणाली. “फरशी पुन्हा पुसता येते.”

“नको. तू पुसतेस ती मना माहीत हाय. फरशी पुसशील आणि मना शिव्या देशील.”

नवशी हिरीची थोरली बहीण. गेली एकतीस वर्षं ती या कॉलेजात प्रयोगशाळा परिचर होती. दहावी पास झाल्यावर लागली, तेव्हा इमारतीला कौलं होती. प्राध्यापक आले, गेले, नवशी राहिली. एखाद्या मुलाच्या ॲमीटरचा काटा हलत नसला की तो सरांकडे जात नसे, तिच्याकडे येई.

आत कॉम्प्युटरसमोर दिपेश सर बसले होते. वय सव्वीस, धाकट्या डहाणूचे, तासिका तत्त्वावर लागून चौथा महिना. त्यांच्या घरी तीन पिढ्या होडीवरच्या.

“मास्तर, घरची होडी सोडून ह्यात कशाला पडलास?” हिरीने बाहेरूनच विचारलं.

“होडीत बसलो की मला उलटी होते, मावशी.”

“आणि ह्याच्यासमोर?”

“आज इथेही होणारसं वाटतंय.”

हिरी हसली. नवशी हसली नाही. तिचं लक्ष घड्याळाकडे होतं.

गोष्ट साधी होती. गेल्या वर्षी श्रावणात वनस्पतिशास्त्राच्या शितल मॅडम विद्यार्थ्यांना घेऊन पाड्यावर आल्या होत्या. म्हाताऱ्या बायकांकडून त्यांनी रानभाज्यांची माहिती सांगून घेतली, आवाजासकट. शेवळ, लोत, टाकळा, करांदे. सगळ्यांत जास्त बोलली ती भिकी, नवशी आणि हिरीची आई. पुढे माघात भिकी गेली. हिरी तेव्हा भट्टीवर होती. निरोप पोचून ती आली तोवर दुसरा दिवस उजाडला होता.

त्या खेपेला भट्टीवर निघायच्या सकाळी मायलेकींचं भांडण झालं होतं. कापलेला भात झोडायचा राहिला आणि ही निघाली, म्हणून भिकी बोलली. हिरी उलट बोलली. मग दोघीही बोलल्या नाहीत. टेम्पो आला तेव्हा भिकी पाठ करून चूल सारवत होती.

या वर्षी भाद्रपदात मुलांनी त्या सगळ्या आवाजांचं एक पान केलं. कॉलेजच्या वायफायवर कुणाच्याही मोबाईलवर ते उघडायचं, हवा तो आवाज उतरवून घ्यायचा. उद्‌घाटनाच्या दिवशी नवशीने आईला ऐकलं आणि घरी जाऊन हिरीला सांगितलं, “आयेने त्यात तुजा नाव घेतलाय. चांगला बोललीय.”

“खोटा,” हिरी म्हणाली होती. “माजी समजूत काढतेस तू.”

“ऐकवते तुला. भट्टीवर जायच्या आत ऐकवते.”

मग कापणी आली, दिवाळी आली. आज सुटीनंतर हिरीला वेळ झाला, तर पान उघडत नव्हतं.

“हे बघा मावशी,” दिपेश सर म्हणाले, “शितल मॅडम नाशिकला गेल्या. ज्या मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं तो बंद पडला. आता आवाज आहेत ते फक्त ह्या मशीनमध्ये. आणि तेही थेट ह्यात नाहीत. ह्याच्या आत अजून एक कॉम्प्युटर चालतो, व्हर्च्युअल मशीन म्हणतात, त्यात आहेत.”

“तराजूच्या काचपेटीसारखा?” नवशीने विचारलं. सूक्ष्म तराजू काचेच्या पेटीत ठेवतात, वारा लागू नये म्हणून. ती पेटी ती रोज पुसायची.

“हां, तसंच. काचेतून दिसतंय, पण हात घालायला एकच झडप आहे, नेटवर्कची. पेनड्राइव्ह लावून पाहिला, आतल्याला तो दिसतच नाही. आणि ह्या डब्याला स्पीकर नाही, नाहीतर निदान ऐकवला तरी असता.”

ते पुन्हा कीबोर्डवर वाकले. आतलं मशीन बंद करून चालू केलं. फायरवॉल बंद केली. मोबाईलचं वायफाय काढून लावलं. मग बाहेरचं मशीनही बंद करून चालू केलं, त्यात सहा मिनिटं गेली. प्रत्येक वेळी ते “आता बघा” म्हणत आणि उंबऱ्यावरून उत्तर येई, “फिरतंय.”

तीन सव्वीसला नवशीने स्टूल ओढलं आणि त्यांच्या शेजारी बसली. एवढ्या वर्षांत ती कुठल्याही सरांच्या शेजारी अशी बसली नव्हती.

“सर, रागावू नका. तुम्ही मधूनच धरताय.”

“म्हणजे?”

“पोरं असंच करतात. काटा हलला नाय की ही वायर हलव, ती वायर हलव. मी सेलपासून सुरू करते. सेल जिवंत हाय का? हाय. मग पुढची वायर. मग चावी. जिथपर्यंत दिवा लागतो, त्याच्या मागे बिघाड नाय, पुढे हाय.”

दिपेश सरांनी एक कोरा कागद तिच्यापुढे सरकवला. “विचारा.”

नवशीने कागदाच्या डाव्या टोकाला एक चौकोन काढला, त्यात लहान चौकोन. उजव्या टोकाला मोबाईल. “इथे सेल,” तिने लहान चौकोनावर पेन्सिल ठेवली. “आतल्या कॉम्प्युटरला त्याचं स्वतःचं पान दिसतं?”

सरांनी आतल्या मशीनमध्येच पान उघडलं. हिरवं पान आलं, भिकीचा लुगड्यातला फोटो आला.

“दिसतं.”

“सेल जिवंत.” तिने खूण केली. “आता मोबाईलकडून. मोबाईलला हा बाहेरचा डबा दिसतो?”

सरांनी आपल्या मोबाईलवर काहीतरी टाईप केलं. “दिसतो. उत्तर देतोय.”

“म्हणजे भिंतीवरची पेटी, वायफाय, सगळा चांगला. आता ह्या डब्याला आतला दिसतो?”

त्यांनी बाहेरच्या मशीनवर पत्ता टाकला. वर्तुळ फिरू लागलं. आठ, दहा, पंधरा सेकंद.

“नाही.”

नवशीने दोन चौकोनांच्या मधल्या जागेवर पेन्सिल टेकवली. “मग इथेच. उगाच मोबाईलला छळत होतो आपण.”

“गो,” हिरीने हाक मारली, “साडेतीन झाले. ऱ्हाऊ दे ना. पुढल्या वर्षी ऐकेन.”

“तू गप बस.”

“आये पण असाच बोलायची.”

दिपेश सरांनी आतल्या मशीनच्या सेटिंगचं पान उघडलं. नेटवर्कसमोर एक लांबलचक नाव होतं, कंपनीचं, आकड्यांचं. ते हलक्या आवाजात वाचत होते. आतल्या मशीनचा पत्ता बरोबर होता. जोडणी चालू असल्याची खूण होती. सगळं जागच्या जागी.

“हा नाव कुणाचा?” नवशीने विचारलं.

“कार्डचं. ह्या डब्याच्या मागे केबल खुपसायची जागा असते ना, त्या कार्डचं. आतलं मशीन त्या कार्डातून बाहेर जातं.”

“आणि केबल?”

“केबल नाही लावलेली. सुटीनंतर आलो तेव्हा दिसलीच नाही. मग मी हे मागे लावलं.” त्यांनी शेंगदाण्याएवढा वायफायचा तुकडा दाखवला. “आपलं नेट ह्याच्यावर मस्त चाल…”

बोलता बोलता त्यांनी पडद्यावरच्या कार्डच्या नावावर बोट ठेवलं. नेट मिळालं होतं ते बाहेरच्या डब्याला; आतलं मशीन अजून त्या बिनकेबलच्या कार्डातूनच बाहेर जाऊ बघत होतं.

नवशी उठली होती. ती कोपऱ्यातल्या लाकडी कपाटाकडे गेली आणि कमरेची किल्ली लावून तिने दार उघडलं.

दाराच्या आतल्या बाजूला फळीवर खिळ्यांच्या तीन रांगा होत्या. प्रत्येक खिळ्याखाली रंगाने आकडा आणि प्रत्येक खिळ्यावर गुंडाळलेली वायर. तांब्याच्या, सुती वेष्टणाच्या, लाल, काळ्या. प्रयोग संपला की जोडणी सोडायची, हा नियम तिला पहिल्या आठवड्यात तिच्या पहिल्या सरांनी शिकवला होता. जोडलेली वायर राहिली तर सेल मरतो, उंदीर कुरतडतो, वीज पडते. एकतीस वर्षांत एकाही संध्याकाळी तिने टेबलावर जोडणी ठेवून कुलूप लावलं नव्हतं. रोज कॉम्प्युटरचं बटण ती बंद करायची; पण लांब सुटी लागली की त्याच्याही वायरी काढायची. सुटीनंतर विजेची वायर तिने आठवणीने लावली होती.

चौदा नंबरच्या खिळ्यावर निळी केबल होती. नीट आठाच्या आकारात गुंडाळलेली, दोऱ्याने बांधलेली. दोऱ्याला चिठ्ठी. अक्षर तिचंच: ‘कॉम्प्युटर ते भिंत. सुटीसाठी काढली.’

ती केबल दोन्ही हातांत घेऊन परत आली.

“चूक माझी,” ती म्हणाली. हळू नाही, नेहमीच्या आवाजात. उंबऱ्यापर्यंत ऐकू जाईल असं. “मी काढली. परत लावायला विसरली. पाऊण तास तुमचा मी खाल्ला.”

“मावशी, मी तरी विचारायला हवं होतं ना. दिसली नाही तर कुठे गेली म्हणून.”

“तुम्हाला काय ठाऊक माझ्या कपाटातला. द्या इकडे, मी वाकते. तुमची पँट धुळीची होईल.”

ती टेबलाखाली शिरली. तिने एक टोक डब्याच्या मागे खुपसलं, दुसरं भिंतीवरच्या पेटीत. बारीक टक् असा आवाज झाला. डब्याच्या मागे एक हिरवा दिवा लागला आणि मिचमिचू लागला.

“दिवा लागला,” टेबलाखालून ती म्हणाली.

“हिरीमावशी, आता बघा,” दिपेश सर म्हणाले.

हिरीने हातभर लांब धरलेला मोबाईल डोळ्यांजवळ आणला.

नवशी उठली, पदर झटकला आणि दाराशी गेली. हिरीच्या मोबाईलवर ते हिरवं पान उघडलं होतं. फोटोतल्या भिकीने डोळे बारीक केले होते, कारण ऊन समोरून होतं. हिरीला कुठे दाबायचं ते कळेना, की तिला दाबायचं नव्हतं, ते नवशीला समजलं नाही. शेवटी दिपेश सरांनीच बोट लावलं आणि ते दोन पावलं मागे जाऊन खिडकीपाशी उभे राहिले.

आधी कोंबडीचा आवाज आला. मग भिकीचा.

“कडूकांद तसाच नाय खायाचा. उकडायचा, चकत्या करायच्या, राख लावायची. मंग फडक्यात बांधून रातभर नदीत ठेवायचा. वाहत्या पाण्यात. साचल्या पाण्यात ठेवशील त कडूच ऱ्हायल.”

एका मुलीने विचारलं, किती तास ठेवायचा?

“तास कसला? चाखून बघायचा.” मग हसणं, खोकला. “ह्या नवशीला विचारू नको. ही कॉलेजात काचा धुते, तिला काय येत नाय. माजी धाकटी करते. हिरी. हिरीचा कांद माज्यापेक्षा गोड होतो. मी काय तिला सांगत नाय, डोक्यावर बसल.”

पुन्हा कोंबडी. संपलं.

हिरीने ते पुन्हा लावलं. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा ऐकताना तिचा अंगठा पडद्याच्या कडेवर पुढेमागे फिरत होता, मळलेल्या पिठावर फिरावा तसा.

“मी रातभर नाय ठेवत,” ती म्हणाली. “दोन राती ठेवते. म्हणून गोड होतो.” आणि पदराने मोबाईल पुसत, “तिला ता कधी कळलाच नाय.”

“तू सांगितला नाय?”

“मी कशाला सांगू? डोक्यावर बसली असती.”

दोघी हसल्या. हसता हसता नवशीने तिच्या खांद्यावरची पेंढ्याची काडी काढली आणि ती कुठे टाकावी हे न सुचून हातातच धरली.

दिपेश सरांनी तो आवाज मोबाईलमध्ये उतरवून दिला. नेट नसलं तरी कसा लावायचा ते दोनदा करून दाखवलं. हिरीने तिसऱ्यांदा स्वतः करून पाहिलं. भट्टीवर रेंज नव्हती. मुकादमाच्या खोलीत मोबाईल चार्ज मात्र होई.

नाक्यावरून टेम्पोचा भोंगा वाजला. तीन चोपन्न. हिरीने मोबाईल रुमालात बांधून पोलक्यात ठेवला, पातेलं घागरीत बसवलं, गाठोडं डोक्यावर घेतलं.

“मास्तर,” ती म्हणाली, “वैशाखात आले की तुला कांद देते. तो उलटू नको.”

“नाही उलटणार, मावशी.”

नवशी फाटकापर्यंत गेली. टेम्पोत चढताना हिरीने एकदा मागे बघितलं आणि हात वर केला. मग ताडपत्रीआड गेली.

पाच वाजता नवशीने नेहमीप्रमाणे प्रयोगशाळा आवरली. बारावीच्या मुलांनी केलेल्या जोडण्या सोडल्या, वायरी गुंडाळल्या आणि एकेक करून खिळ्यांवर लावल्या. काचपेटीवरून फडकं फिरवलं. उंबरा पुसला, तिथे खळ्यावरच्या धुळीचा एक अर्धा पाय उमटला होता, त्याला वळसा घालून पुसला.

कॉम्प्युटरपाशी ती जरा थांबली. बटणाला हात लावला नाही. टेबलाखाली वाकून तिने निळ्या केबलला एक चिठ्ठी बांधली: ‘काढू नये. नवशी.’

मग कपाटाचं दार लावायला गेली. तीन रांगा भरल्या होत्या. चौदा नंबरचा खिळा तेवढा रिकामा होता. तिने तो बोटाने पुसला आणि कुलूप लावलं.