कुळाबाहेरचा नमुना

बाबा गेले आणि ठमीला घर खायला उठलं. दिवसभर दुकानात चष्म्याची भिंगं घासण्यात वेळ जायचा, पण संध्याकाळी कुलूप उघडलं की बोलायला भिंतीच. अशात तिला आडनावबंधूंचा एक गट सापडला. डीएनए तपासून कोण कुठल्या शाखेचं, ते ही मंडळी हुडकून काढत. ठमीला हुरूप आला. एवढ्या गोतावळ्यात बाबांचं नाव कुठल्या तरी फांदीवर लागलं, तर आपल्यालाही चार माणसं मिळतील, असं तिला वाटलं.

गटाचे प्रमुख होते एक निवृत्त मास्तर. फोनवरही छडी हातात असल्यासारखे बोलायचे. "आडनावाची खूण बापाकडून मुलाकडेच जाते. तुमची लाळ आम्हाला काय कामाची? घरात कुणी पुरुष माणूस?"

एक काका होता. बाबांचा धाकटा भाऊ, रेडिओ दुरुस्त करणारा. ती शाळेत असताना दोघा भावांचं बिनसलं ते कायमचं. कशावरून, ते बाबांनी कधी सांगितलं नाही.

मनाचा हिय्या करून ठमी त्याच्या दारात उभी राहिली. "काका," एवढं म्हणाली आणि पाठ केलेलं सगळं भाषण विसरली. शेवटी तपासणीची काडी पुढे करून तिने गटाचं कसंबसं सांगितलं. काकाने ती गालाच्या आतून फिरवून दिली.

"निकाल कधी?"

"दीडेक महिना लागेल."

मग ती दर रविवारी जायला लागली. तिने त्याचे डोळे तपासून नवा चष्मा करून दिला, तर त्याने तिला रेडिओतल्या तारा जोडायला तापल्या कथलाचा डाग कसा द्यायचा ते शिकवलं. तिने पहिल्याच दिवशी बोट भाजून घेतलं आणि दोघंही खूप हसले. किती दिवसांनी आपण हसलो, याचं तिलाच नवल वाटलं.

आणि मास्तरांचा फोन आला. "तुमचा नमुना कुळाबाहेरचा निघाला. आमच्यातल्या कुणाशीच जुळत नाही."

ठमी तडक काकाकडे गेली. तिचा चेहरा बघूनच तो म्हणाला, "कळलं ना? शेजाऱ्यांचं पोर मी. आईबाप गेल्यावर तुझ्या आजोबांनी घरात घेतलं."

"माहीत होतं, तर नमुना दिलात कशाला?"

"इतक्या वर्षांनी कुणीतरी मला काका म्हणालं. खरं सांगितलं असतं तर दारातूनच परत गेली असतीस. म्हटलं, दीड महिना तरी येईल."

काका पुढे म्हणाला, "भांडणात दादा एकदाच बोलला, तू कुठला आमचा. जिव्हारी लागलं. नंतर दोनदा आला होता, मी कडी काढली नाही."

"काय म्हणाले होते बाबा?"

"बाहेरूनच म्हणाला, 'छोट्या, रेडिओ बिघडलाय रे, बघतोस का?' दोन्ही वेळा तेवढंच."

ठमीने डोळे पुसले. "तो रेडिओ अजून बंदच आहे," ती म्हणाली. "काका, चला घरी."