खाता येईल असा रंग

मी एक उकडलेलं अंडं बोलतंय, इतके दिवस फ्रिजच्या दारातल्या खणात बसलेलं.

मला रंगवलं ते आजोबांनी. जन्मभर लोकांच्या भिंती रंगवून ते आता घरी बसलेत. ईस्टरची अंडी आजी रंगवायची. यंदा ती नाही. तरी नात येणार म्हणून आजोबांनी कंबर कसली. "पोरीच्या पोटात जायचंय, डब्यातला रंग नको," असं स्वतःशीच पुटपुटले.

कांद्याची सालं उकळून गाळली, त्यात चमचाभर व्हिनेगर घातलं. माझ्या अंगावर कोथिंबिरीचं पान चिकटवून वरून मलमलीची चिंधी अशी आवळली की जीव गुदमरला! मग त्या पाण्यात बुडवलं. बाहेर काढलं तेव्हा अंग तांबूस आणि पोटावर पानाची फिकट नक्षी. जोडीला आणखी दोघं होती, एक हळदीत पिवळं, एक बिटाच्या रसात गुलाबी. आजोबांनी तेलाचं बोट फिरवून आम्हाला चकचकीत केलं.

तेवढ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला. "बाबा, पोरीला ताप भरलाय. नाही जमणार."

"असू दे रे! मी तरी कुठे काय तयारी केली होती?"

फोन ठेवून ते कितीतरी वेळ व्हिनेगरची बाटली पुसत राहिले.

पिवळं आणि गुलाबी त्यांनी ओट्यापाशी उभ्याउभ्याच खाल्लं. मला मात्र हात लावला नाही. फ्रिज उघडायचे, बघायचे, पुन्हा लावायचे. आत गारठ्यात मला वाटायचं, अहो, मी काय शोभेची वस्तू आहे? खा की मला!

आज नातीनेच फोन केला. "आजोबा, तुम्ही अंडी रंगवली होती ना? बाबा नाही म्हणतात, पण मला माहितेय."

आजोबांनी फ्रिज उघडून मला बाहेर काढलं. "एक ठेवलंय गं. पण तू येईपर्यंत टिकायचं नाही ते."

"मग तुम्ही खा ना. फोडताना मला आवाज ऐकवा."

त्यांनी मला टेबलावर आपटलं. टक्!

"आला, आला!" ती खिदळली. मागून कुणीतरी तिला हाक मारली आणि फोन बंद झाला.

आता आजोबा खुर्चीत बसून माझं टरफल सोलताहेत, पानाची नक्षी मोडू नये अशा बेताने. समोरची खुर्ची रिकामी आहे.

माझी वेळ भरली. तुमच्याही ओळखीत असं एखादं एकटं माणूस असेलच. त्याची नुसती फोनवर खुशाली विचारू नका. त्याच्या टेबलाशी जाऊन बसा.