पहिलं माप

भूगावच्या पुढच्या त्या गावात हेमलता राहायला आली त्याला चौदा महिने झाले होते, आणि चौदा महिन्यांत तिला नावानं हाक मारणारं माणूस म्हणाल तर एक नवरा. तोही सकाळी आठला हिंजवडीच्या वाटेला लागायचा, तो रात्रीच्या जेवणाला यायचा. आल्यावर हाक कसली, 'पोरगी झोपली का' एवढंच. सोसायटीत तर ती एकशेचार होती. कचरा ठेवायला उशीर झाला की खालून आवाज, "एकशेचार, डबा." पार्सल आलं की, "एकशेचार, पार्सल." माहेर परभणीला, सासर त्याच्याही पलीकडे, आणि दहा महिन्यांच्या किमयाला अजून बोलता येत नव्हतं.

म्हणून ग्रामपंचायतीच्या फळ्यावरचा कागद वाचला तेव्हा ती पोरीला कडेवर घेऊन बराच वेळ तिथंच उभी राहिली. ज्या मोठ्या माणसांना आकडे वाचता-लिहिता येत नाहीत त्यांच्यासाठी पंचायतीनं यंदा निधी ठेवला होता, आणि शिकवायला कुणी हवं होतं. गणित घेऊन बी.एस्सी. झालेली हेमलता. मानधन एवढंसं होतं, त्याच्याकडे तिनं पाहिलंही नाही. तिनं पाहिली वेळ. दुपारी तीन ते पाच. दिवसातले तेच दोन तास तिला सरता सरत नसत.

ग्रामसेवक दयानंद भाऊसाहेबांनी आधीच बजावलं. "मॅडम, ग्रामसभेत भांडून ठेवलाय हा निधी. अर्धं गाव म्हणत होतं, म्हाताऱ्यांना पाढे शिकवून काय करता, रस्त्याला ब्लॉक टाका. तीन महिन्यांनी मी डोकी मोजायला येणार. दहा दिसली तर वर्ग वर्षभर चालेल. नाही दिसली तर ब्लॉक."

"दिसतील," हेमलता म्हणाली.

आणि दिसत होती की. समाजमंदिरातल्या सतरंजीवर पहिल्या आठवड्यातच सोळा बायका बसायला लागल्या. कुणाला एसटीची पाटी वाचायची होती, कुणाला गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख. किमया या मांडीवरून त्या मांडीवर फिरायची. "ए हेमाबाई, पोरगी दे हिकडं, तू लिव्ह फळ्यावर." हेमाबाई. हे नाव तिला आजवर कुणी दिलं नव्हतं. पाच वाजता घरी जाताना ती ते मनातल्या मनात सोबत न्यायची.

सगळ्यांत पुढं बसायची गोजराबाई. वय सत्तरीला टेकलेलं, हाडापेरानं काटक. जमीन तुकड्या-तुकड्यानं गेली, मागं दोन खाचरं उरली आणि घराच्या चार खोल्या. त्या खोल्यांत हापिसात जाणारी पोरं भाड्यानं राहायची. तिला फोनवरचा आकडा वाचायचा होता. "मुठ्याला लेक दिलीय माजी, उषा. फोन वाजला की तिचाच आसंल म्हनून पळत जाते आन् उचलते. तर कोन तरी परका बोलतोय, कर्ज पायजे का, प्लाट पायजे का. दिसातनं धा येळा पळते मी. वाचाय आलं तर न्हाई पळायची."

दिवाळी होऊन भाताची झोडणी झाली तेव्हा हेमलताला वाटलं, पाटीवरचे आकडे पुरे, आता हातानं मोजू. "उद्या घरातलं काहीतरी मोजायला आणा," तिनं सांगितलं. कुणी चिंचोके आणले, कुणी बांगड्या. गोजराबाईनं पितळी मापटं आणलं, आणि पिशवीभर नवा तांदूळ. पदर खोचून ती सुपासमोर बसली. कपाळाला मापटं लावलं, पहिलं माप सुपात ओतलं आणि म्हणाली, "लाभ." मग, "दोन. तीन. चार..."

हेमलताला हसू आलं. वाईट नव्हतं ते हसू, पण आलं. "आजी, पहिल्याला एक म्हणायचं. लाभ हा काही आकडा नाही."

"रास मोजताना आसंच म्हंत्यात, बाई."

"घरी म्हणा. इथं एक. म्हणा बघू, एक."

हेमलतानं फळ्यावर भला मोठा एकचा आकडा काढला आणि सगळ्यांकडून म्हणवून घेतला, पाच वेळा. लहानपणी तिच्या बाईंनी तसाच म्हणवून घेतला होता. बायका म्हणाल्या. गोजराबाईचे ओठ काही हलले नाहीत. तिनं सुपातला तांदूळ पिशवीत भरला, सांडलेले दाणे बोटानं वेचून घेतले, आणि पाच वाजायच्या आधीच उठून गेली.

दुसऱ्या दिवशी नऊ बायका आल्या. त्यानंतर सहा. आठवड्यानं तीन.

हेमलताला वाटलं, लग्नसराई असेल, शेताची कामं असतील. वाटेत भेटलेल्या बायका गोड बोलायच्या, "येतो की उद्या," आणि यायच्या नाहीत. शेवटी शेजारच्या अंगणवाडीतली मदतनीस रेश्मा, तिनं सतरंजी झटकता झटकता सांगितलं.

"मॅडम, रागावू नका. आजींच्या दोन खाचरांचं नवं भात होतं ते. घरात माप लावायच्या आधी तुमच्याकडं आणलं त्यांनी. पहिल्या मापाला आकडा दिला की बरकत जाती, आमच्यात. आणि तुमी सगळ्या गावाकडनं पाच वेळा वदवून घेतलं."

शेतीवाडीचं घर हेमलतानं पाहिलंच नव्हतं. वडील कचेरीत, तांदूळ यायचा तो वाण्याच्या पिशवीतून, वजन करून. मापाला देव असतो हे तिला कोण सांगणार?

ती त्याच संध्याकाळी गोजराबाईकडे गेली. म्हातारी ओट्यावर बसली होती. मागं चारही खोल्यांना कुलपं, पोरं अजून कामावरून यायची होती. फोन पदराच्या गाठीशी.

"आजी, माझं चुकलं."

"बस." गोजराबाईनं किमयाला ओढून मांडीवर घेतलं. "तुला कुनी सांगितलं न्हाई, तुजा काय दोस? पर आता मला सांग, येवढं शिकल्याली तू. ज्याच्या आदी काय न्हाई, आन् म्होरं काय येतंय ते ठावं न्हाई, त्याला नुसता आकडा द्यावा का मानसानं?"

बी.एस्सी.ला हा प्रश्न नव्हता.

"आपल्या वर्गात पहिला लाभच," ती म्हणाली. "मी फळ्यावर तसं लिहीन. पण या तुम्ही."

गोजराबाई आली. फळ्यावर एकाच्या आकड्यासमोर हेमलतानं ठळक 'लाभ' लिहिलं, आणि म्हातारीनं मान डोलवली. त्या दिवसापासून कुठलाही आकडा आला तरी ती तसाच वाचायची. चौदा लिहिला की "लाभ, चार." एकवीस लिहिला की "दोन, लाभ." शून्य तिला फार आवडायचं. "रिकामं आसून बी जागा धरतंय," म्हणायची. हेमलता सुधारायची नाही. एकदा सुधारून पाहिलं होतं तिनं.

बाकीच्या बायकांकडे गोजराबाई स्वतः जाऊन आली. राग कुणाचाच उरला नव्हता. पण दुपारची झोप, मालिका, नातवंडं, सगळं आपापल्या जागी परत जाऊन बसलं होतं. दोघी-तिघी आठवड्यातून एकदा डोकावायच्या, तेवढंच. मोडली सवय ती मोडली.

भाऊसाहेब यायच्या आदल्या दिवशी रेश्मा म्हणाली, "वही द्या माझ्याकडं. घरोघर फिरून सह्या आणते. सांगू, आज एक लग्न हाय गावात, म्हणून बाया कमी."

हेमलतानं वही पुढं केली, आणि मागं घेतली. गोजराबाई रोज हजेरीखालची बेरीज बोट ठेवून मोठ्यानं वाचायची. उद्या भाऊसाहेबांसमोर ती दहाचा आकडा वाचणार, सतरंजीकडे बघणार, आणि मग हेमलताकडे. ते बघणं काही तिला सोसलं नसतं.

"राहू द्या," ती म्हणाली.

भाऊसाहेब साडेतीनला आले. सतरंजीवर गोजराबाई आणि तिच्या मांडीवर किमया. भाऊसाहेबांनी दारातूनच पाहिलं, चप्पल काढावी का नको असा विचार करून काढली, आणि वहीत लिहिता लिहिता पुटपुटले, "एक."

"लाभ म्हनावं, भाऊसाहेब," गोजराबाई म्हणाली.

"काय?"

"काय न्हाई. लिवा तुमी."

भाऊसाहेब माणूस वाईट नव्हता. जाताना म्हणाला, "मॅडम, माझ्या हातात असतं तर..." आणि चप्पल घालून गेला. आठवड्याभरात ब्लॉक पडायला लागले, नेमके हेमलताच्या सोसायटीच्या गेटपर्यंत.

महिनाअखेरीला, वर्गाच्या शेवटच्या दिवशी, समाजमंदिराला कुलूप लावताना गोजराबाईनं विचारलं, "आन् आता मी कुटं यायचं? उषाच्या नंबराचं शेवटचं जोडाक्षर ऱ्हायलंय अजून." जोडाक्षर म्हणजे तिचे दोन आकडे, त्र्याऐंशी.

"माझ्याकडे या ना, आजी. रोज तीनला. चहा पिऊ."

"तुमच्या गेटावरचा मानूस नंबर इचारतोय. वाटतं लेकराला बघून यावं, पर मी मागारी फिरते. दोनदा फिरले."

दोनदा. हेमलताला हे कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं पाटी घेऊन त्यावर एकशेचार लिहिलं. "हा माझा नंबर. वाचा."

म्हातारीनं बोट ठेवून वाचला, बरोबर वाचला, तिच्या पद्धतीनं. हेमलता हसली. वर्ग बंद झाल्याचं दुःख तेवढ्यापुरतं मागं सरलं. पाटी गोजराबाईनं रेश्माकडे ठेवली. म्हणाली, "ध्यानात हाय. पाटीची काय गरज."

दुसऱ्या दिवशी हेमलतानं एक वाटी तांदूळ लावला. एरवी तिला आणि किमयाला अर्धी पुरे व्हायची. पोरीला झोपवलं. दोन कप ओट्यावर काढून ठेवले. तीन वाजले. साडेतीन. स्वयंपाकघराची खिडकी मागच्या टेकडीकडे उघडायची, तिथून गेट दिसायचं नाही. चार वाजता तिनं एका कपात चहा ओतला, दुसरा आत ठेवून दिला. सत्तरीचं माणूस, येईल उद्या, असं तिनं स्वतःला सांगितलं. भात फ्रीजमध्ये गेला.

गोजराबाई उद्याही आली नाही. परवाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी ती किमयाला घेऊन दुधाला निघाली, तर गेटवरचा वॉचमन ओळखीचं हसला. नवीन होता, बिहारकडचा. "मॅडम, एक बूढ़ी अम्मा तीन दिन से आती थी. धूप में. मैं फ्लैट नंबर पूछूँ तो बोलती थी, लाभ शून्य चार. रजिस्टर देखा, पूरी बिल्डिंग में ऐसा कोई फ्लैट नहीं. मैं बोला, अम्मा, एक सौ चार क्या? तो बोली, नहीं नहीं, लाभ."

हेमलता किटली घेऊन त्याच्या टेबलापाशी गेली. "आज?"

"आज नहीं आई."

नव्या ब्लॉकांचा रस्ता गावापर्यंत सरळ दिसत होता. त्यावर कुणीच नव्हतं. किमयानं त्याच दिशेला हात केला, का कोण जाणे.

"है," हेमलता म्हणाली. "ऐसा फ्लैट है." तिनं त्याच्या टेबलावरचं रजिस्टर ओढून घेतलं, एकशेचारसमोर आपल्या नवऱ्याचं नाव होतं, त्याच्यावर जागा करून देवनागरीत लिहिलं, लाभ शून्य चार. मग किटली तिथंच टेबलावर ठेवली आणि पोरीला घेऊन गावाकडे चालायला लागली.