कर्ण्यात अडकलेला कल्लप्पाचा आवाज

मित्रांनो, सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या एका चादरीच्या दुकानाच्या माळ्यावर जो जुना पत्र्याचा कर्णा उपडा पडलाय ना, तो मी. माझ्या पोटात चिमण्यांनी काड्या भरल्यात. भरू देत बापड्या! मला राग चिमण्यांचा नाही, माणसांचा आहे. आणि तो सांगितल्याशिवाय मी काही गप्प बसायचा नाही.

सोलापुरातल्याच एका कारागिरानं पत्रा ठोकून ठोकून मला घडवलं. आधी मी लग्नाच्या मांडवात वाजलो. मग गुरुसिद्धप्पा मालकांनी मला विकत घेतलं आणि आपल्या जीपच्या टपावर बांधलं. आठवडी बाजारांना चादरी घेऊन जायचं आणि गिऱ्हाइकांना हाका मारायच्या, हे आमचं काम. माईक कल्लप्पाच्या हातात असायचा. तो मालकांचा जुना माणूस. अर्धं मराठीत, अर्धं कानडीत असं काही बोलायचा, की भाजीला आलेली बाई पिशवी सावरत आमच्याकडंच वळायची.

पण नुसत्या गोड बोलण्यावर कोण चादर घेतं हो? कल्लप्पाची एक रीत होती. गठ्ठ्यातली हवी ती चादर तो गिऱ्हाइकालाच काढायला लावायचा आणि बादलीतल्या गरम पाण्यात बुचकळायचा. मग आपल्या डोक्यावरचा पांढराशुभ्र पटका सोडायचा, त्यात ती ओली चादर गुंडाळून करकचून पिळायचा आणि पटका उलगडून वर धरायचा. "बगा की! डाग दिसतोय का कुटं? रंग गेला तर तुमच्या चादरीआदी माजी अब्रू जाईल!"

दुधनीच्या बाजारात इतकी गर्दी व्हायची, की मागच्या बायकांना तो दिसायचाही नाही. त्या नुसत्या आवाजावर चादर घेऊन जायच्या, कुणी लेकीच्या लग्नात द्यायला, कुणी बाळंतिणीला पांघरायला. तो आवाज माझ्या तोंडून निघायचा, मित्रांनो. मी नुसता फुलून जायचो.

मग कुठं माशी शिंकली कोण जाणे. मालकांनी स्वस्त, कच्च्या रंगाचा माल उचलला. कल्लप्पाला त्यातलं अवाक्षर सांगितलं नाही. उलट त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "कल्लप्पा, बादली-बिदली आता राहू दे. लई वेळ जातो. लोकांचा तुझ्या शब्दावर विश्वास हाय की." त्याच सुमारास त्यांनी मुंबईहून टेपरेकॉर्डर आणला. "ओरडून ओरडून घसा बसतो रे तुझा. एकदा बोलून ठेव, मग आराम कर."

कल्लप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं. "मालक, तुमी लई जीव लावता," म्हणाला, आणि त्या यंत्रापुढं बसून अगदी जीव ओतून बोलला. वेडा बिचारा!

पुढं एक दिवस दुधनीची एक गिऱ्हाईक, काशम्मा, कल्लप्पाचं नाव विचारत विचारत थेट दुकानाच्या दारात आली. मी तिथंच, जीपवर होतो. तिनं पिशवीतून लेकीचं लग्नातलं पातळ काढून कल्लप्पापुढं धरलं. आमच्या चादरीबरोबर धुतलं, आणि चादरीचा लाल रंग पातळभर पसरला होता.

"सासरची मानसं लई बोलली लेकीला," काशम्मा म्हणाली. "तू सांगितलास म्हणून घेतली रे कल्लप्पा. दुकानाचं नावबी मला ठावं न्हाय."

कल्लप्पाच्या तोंडचं पाणी पळालं. तो तसाच मालकांपुढं जाऊन उभा राहिला. "मालक, ह्यो माल आपला न्हाय म्हणा."

मालक चष्मा पुसत राहिले. "सगळा बाजार असाच चाललाय. आपणच तेवढं सोवळं राहायचं का?"

"मग मी न्हाय बोलणार."

"नको बोलूस," मालक म्हणाले. आणि किती गोड म्हणाले! कल्लप्पाला वाटलं, समजून घेतलं. मलाही तसंच वाटलं. त्या दिवसापासून त्यानं पटका बांधणं मात्र सोडलं.

पुढच्या बाजाराला जीप कल्लप्पाशिवायच दुधनीला गेली. ड्रायव्हर सिदूनं टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं आणि माझ्या तोंडून आवाज निघाला, "बगा की! रंग जाणार न्हाय! ह्यो कल्लप्पाचा शब्द हाय!"

अरे देवा! केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. ज्यानं बोलायला नकार दिला त्याचाच आवाज मी ओकत होतो, आणि मला थांबता येईना. ज्या मालकांसाठी ऊन-पाऊस बघितला नाही, त्यांनी मलाच खोटं बोलायला लावलं.

नेमका त्याच दिवशी कल्लप्पा काशम्माची माफी मागायला एस.टी.नं दुधनीला आला होता. बाजारात त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला. आधी तो जागीच थिजला. मग गर्दीत घुसला आणि मागं उभ्या बायकांना हात जोडून ओरडू लागला, "घेऊ नका! खोटं हाय त्ये! तगोब्याड्री!" मराठीत ओरडला, कानडीत ओरडला. पण मी वर, टपावर, आणि तो खाली, उघड्या घशानं. त्याचाच आवाज त्याच्या आवाजावर चढत होता. बोडक्या डोक्याच्या त्या माणसाला कुणी ओळखलं नाही.

हातात चादर धरलेली एक म्हातारी वैतागून त्याच्याकडं वळली. "अवो, गप बसा की वाईच! कल्लप्पा काय सांगतोय त्ये ऐकू द्या."

कल्लप्पा गप्प बसला. म्हातारीनं चादर घेतली.

त्यानंतर तो पुन्हा कुठल्या बाजारात बोलल्याचं माझ्या कानावर आलं नाही. मालकांनी पुढं नवीन भोंगा घेतला आणि मला इथं फेकलं. फेकल्याचं मला दुःख नाही. मला पुसू नका, रंगवू नका, चिमण्यांनाही हाकलू नका. एवढंच करा, मित्रांनो. कुणी विश्वासानं आपला आवाज तुमच्याजवळ ठेवला, तर त्याला विचारल्याशिवाय तो वाजवू नका.