मधल्या बागेतला हातमोजा

मित्रांनो, मी एक जुना हातमोजा आहे, पण थंडीचा नव्हे. आमच्या गावात थंडी पडतच नाही. इथे समुद्राचं खारं वारं आहे, साखर कारखान्याचं धुराडं आहे, नजर पोचेल तिथवर ऊस आहे आणि दर रविवारी बेसबॉल आहे. मी त्या रविवारचा.

मला सिप्रियानो मेस्त्रींनी शिवलं. मेस्त्री कारखान्याच्या खेचरांची खोगिरं शिवायचे. त्यांचा मुलगा ओनेसिमो सतराव्या वर्षी कारखान्याच्या संघात आला, तेव्हा त्यांनी त्याचा डावा पंजा फळीवर ठेवला, कोळशानं कड काढली आणि बोटं मात्र त्याहून चार अंगुळं लांब कापली.

"एवढी लांब कशाला, बाबा?" ओनेसिमोनं विचारलं.

"लांब उभं राहणाऱ्याला लांब हात लागतो," मेस्त्री तोंडातला दोरा न काढताच म्हणाले. "आणि पोट खोल ठेवतोय. चेंडू एकदा आत आला की बाहेर जाता कामा नये."

मग मला खोबरेल चोळलं, पोटात चेंडू ठेवला, दोरीनं करकचून बांधलं आणि ओनेसिमोच्या गादीखाली सरकवलं. नऊ दिवसांनी दोरी सुटली, तेव्हा माझ्या पोटात चेंडूच्या मापाचा खळगा होता. घट्ट धरणं ही माझी पहिली विद्या. दुसरी मला कुणी शिकवली नाही, तेव्हा तिची गरजही नव्हती.

आमच्या बोलीत मैदानाच्या दूरच्या हिरव्या भागाला बाग म्हणतात आणि तिथे राखणीला उभा राहतो त्याला माळी. डावी बाग, उजवी बाग आणि सगळ्यांत मोठी मधली बाग. ओनेसिमो एकवीस वर्षं मधल्या बागेचा माळी होता.

काय दिवस होते ते! टोलेबाजाच्या दांड्याचा आवाज आमच्यापर्यंत यायचा, तेवढ्यात ओनेसिमोचे पाय निघालेले असायचे. चेंडू कुठे पडणार हे तो डोळ्यांनी नाही, कानांनी ओळखायचा. आवाज कोरडा असेल तर मागे पळायचं, बसका असेल तर पुढे. मी त्याच्या हातावर वाऱ्यानं फुगायचो. वर निळं आभाळ, आभाळात पांढरा ठिपका, ठिपका मोठा होत होत माझ्याकडेच यायचा. धप्प. मग सगळं गाव ओरडायचं.

कुंपणापलीकडे डोमितिला खोबऱ्याच्या वड्यांची परात मांडून बसायची. एकदा चेंडू नेमका परातीवर निघाला. ओनेसिमो कुंपणावर पोटावर लटकला आणि वड्यांच्या वर वीतभर अंतरावर मी तो धरला.

"एक वडी घे," डोमितिला म्हणाली. "बाकीच्या वाचवल्यास म्हणून."

त्यानं दोन घेतल्या. पुढच्या वर्षी ती आमच्या घरी आली. मेस्त्री तेव्हा होते. सुनेचं कौतुक बघून ते दोन वर्षांनी गेले.

मित्रांनो, माणसाचे पाय आधी म्हातारे होतात, कान मागून. ओनेसिमोला आवाज अजून तसाच कळायचा. चेंडू कुठे पडणार तेही कळायचं. पण पाय आता निघण्याआधी जरा विचार करायचे. एकविसाव्या वर्षी ऊसतोडीच्या हंगामात एक साधा, उंच चेंडू त्याच्यापुढे दोन पावलांवर पडला. पूर्वी असा चेंडू तो शीळ घालत झेलायचा.

"ओनेसिमो," बाकांवरून कुणीतरी हाक मारली, "उसाची गाडी थांबवू का? बसून ये की आरामात."

सगळे हसले. ओनेसिमोही हसला. त्याच्या तळव्याला आतून दरदरून घाम फुटला होता, तो फक्त मला कळला.

त्याच आठवड्यात एका दुपारी संघाचा कारभारी एवारिस्तो, ज्याला सगळे मानानं डॉन म्हणायचे, घरी आला. हा जुना, टोलेबाजामागे बसून झेलणारा गडी. झेलून झेलून त्याची बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी वेडीवाकडी झालेली. तो ओसरीवरच्या झुलत्या खुर्चीत बसला. वाऱ्यावर बोलला, कारखान्याच्या बिघडलेल्या भोंग्यावर बोलला, आमच्या बकरीची चौकशी त्यानं दोनदा केली.

"डॉन एवारिस्तो," डोमितिला म्हणाली, "तिसरी कॉफी चाललीये. बकरी ठणठणीत आहे हे एव्हाना कळलं असेल. आता पोटातलं बोला."

एवारिस्तोनं कप खाली ठेवला. "मधल्या बागेत मी वाल्दोला उभा करतोय."

ओनेसिमो म्हणाला, "वाल्दो? त्याला अजून धड मिशी नाही फुटली."

"मिशीवर पळतात का रे? पाय बघ त्याचे."

"आणि मी?"

"पहिला बेस. तुझे हात मला हवेत, तुझा टोला हवाय. पाय तिथे कमी लागतात."

"म्हणजे म्हाताऱ्याला खुर्ची देताय."

"खुर्ची द्यायची असती तर निरोप धाडला असता, कॉफी प्यायला आलो नसतो," एवारिस्तो म्हणाला. "दोन रविवार बघतो. जमलं तर तू माझा. नाही जमलं तर डोमितिलाच्या वड्या विकायला बस."

"माझ्या वड्या विकायलाही अक्कल लागते," डोमितिला आतून म्हणाली.

उठताना एवारिस्तोची नजर माझ्यावर पडली. "हा पंजाही बदल. कारखान्याच्या कपाटात पहिल्या बेसचा मोजा पडलाय, तो घे."

"हा बाबांनी शिवलाय."

"माहीत आहे. नियमात बसतो, घालायचा तर घाल. पण तिथलं काम निराळं आहे, गड्या."

"हाच घालीन."

खरं सांगू? मी फुललो. माझ्याशिवाय तो खेळणार नव्हता. त्याच्या मनात बाग सुटल्याचं दुःख होतं, आणि मी आपला माझ्याच तोऱ्यात होतो.

पहिल्या बेसचं काम असं असतं, मित्रांनो. टोलेबाज चेंडू जमिनीवरून तडकावतो आणि पहिल्या बेसकडे धावत सुटतो. आपला कुणी गडी तो चेंडू उचलून आपल्याकडे फेकतो. बेसच्या पांढऱ्या गादीवर एक पाय ठेवून धावणाऱ्याच्या आधी तो झेलायचा. बागेत चेंडू पाहुण्यासारखा यायचा, वाट बघायला लावून, आभाळातून. इथे तो रागावलेल्या आईच्या चपलेसारखा येतो.

ओनेसिमो सवयीनं वाट बघायचा. सगळा जन्म त्यानं तेच केलेलं. सरावाला एवारिस्तो कंबरेवर हात ठेवून ओरडायचा.

"अरे, तो काय चालत येऊन तुला नमस्कार करणार आहे? पाय गादीवर, हात पुढे. सामोरा जा त्याला!"

हळूहळू ओनेसिमो सामोरा जायला शिकला. गुडघा मातीत टेकवून तो असा लांब व्हायचा की कमरेतून कट्‌कन आवाज यायचा. पहिला रविवार निभावला. दुसऱ्या रविवारी नदीपलीकडच्या कारखान्याचा संघ आला.

शेवटचा डाव. दोन्हीकडे धावा सारख्या. त्यांचा एक गडी तिसऱ्या बेसवर टपून बसलेला; तिथून घर, म्हणजे टोलेबाज उभा राहतो ती जागा, गाठलं की एक धाव आणि ते पुढे जाणार. टोला बसला, चेंडू जमिनीवरून सरपटत गेला, आमच्या गड्यानं उचलून पहिल्या बेसकडे फेकला. फेक कमी पडली, चेंडू मातीला लागून उसळला. ओनेसिमोनं अंग झोकून दिलं आणि मी तो धरला. टोलेबाज बाद.

पण तिसऱ्या बेसवरचा गडी घराकडे सुटला होता. आता लगेच चेंडू काढायचा आणि घराकडे फेकायचा, एवढंच उरलं होतं. ओनेसिमोनं उजवा हात माझ्यात घातला. चेंडू माझ्या खोल पोटात, अंगठ्याच्या बेचक्यात जाऊन रुतला होता. त्यानं ओढला. मी धरून होतो. त्यानं पुन्हा ओढला. मी सोडायला बघत होतो हो, पण एकवीस वर्षं मी एकच गोष्ट शिकलो होतो. चेंडू निघाला तेव्हा तो गडी घरी पोचून टोपी उडवत होता.

आम्ही एका धावेनं हरलो.

"गिळला की चेंडू त्यानं," कुणीतरी पाण्याच्या घागरीपाशी पुटपुटलं.

"काय झालं?" एवारिस्तोनं विचारलं.

"बोटं घामेजली होती," ओनेसिमो म्हणाला.

इतक्या वर्षांत तो माझ्यापायी पहिल्यांदाच खोटं बोलला. एवारिस्तोनं त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

"उसळता चेंडू झेललास, म्हणून आणखी एक रविवार देतो. हातात काय घालायचं ते तूच ठरव."

घरी येऊन ओनेसिमो पायरीवर मला मांडीवर घेऊन बसला. डोमितिला अंगणात कपडे पिळत होती. तिच्या आजीकडून आलेलं एक गाणं ती कामाच्या तंद्रीत गुणगुणते, त्या दिवशीही तेच होतं:

*आंब्याच्या फांदीवरचा उडून गेला रावा,*
*फांदी अजून हलते, तिला कुठला गं विसावा.*

मग गाणं थांबवून तिनं विचारलं, "तिथे कोण खेळतंय, तू की मेस्त्री?"

"बाबांनी हा माझ्यासाठी..."

"तू माळी होतास म्हणून त्यांनी माळ्याचा शिवला. आज असते तर दुसरा शिवायला बसले असते. कामाची वस्तू करणारा माणूस तो, म्हाताऱ्या. मूर्ती करणारा नव्हे."

शनिवारी दुपारी ओनेसिमोनं कारखान्याच्या कपाटातला तो मोजा घरी आणला. काय सांगू त्याचं रूप! बोटंच नाहीत. चपटा, रुंद, पोट उथळ, जणू कुणी कासव उताणं केलंय. चेंडू त्यात शिरला की लगेच उजव्या हाताला सापडावा, असाच तो केलेला. मी त्याला मनातल्या मनात पुष्कळ नावं ठेवली.

त्याच्या अंगठ्याजवळची वादी दमटपणानं कुजून तुटली होती. वादीशिवाय चेंडू आरपार जाणार, आणि सामना तर दुसऱ्या दिवशी. ओनेसिमोनं मेस्त्रींची पेटी उघडली. आरी होती, मेण होतं, वादी नव्हती. तो पेटीपुढे बसून राहिला. मग त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

माझी वादी मेस्त्रींनी स्वतःच्या हातानं कापलेली होती. एकवीस वर्षं खोबरेल पिऊन ती मऊ आणि चिवट झाली होती. ओनेसिमोनं गाठ सोडली आणि ती एकेका भोकातून हलकेच ओढत गेला. लागलं का? लागलं. शेवटचं टोक निघालं तेव्हा माझा अंगठा एका बाजूला कलंडला. आता माझ्यातून लिंबूसुद्धा अडलं नसतं. ती वादी त्या कासवाच्या अंगात गेली, आणि मेस्त्रींची गाठ मी परक्याच्या अंगावर पाहिली.

रविवारी तो नवा मोजा काखेत मारून निघाला. मी खिळ्यावर होतो. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. फाटकापर्यंत गेला, थांबला, परत आला. माझ्या तळव्यातल्या खळग्यावर त्यानं अंगठा दाबला.

"आलोच," तो म्हणाला. निघताना डोमितिलाला म्हणतो, अगदी तसंच.

मैदान आमच्या घरापासून दोन उसाच्या फडांपलीकडे. सगळी दुपार मी आवाज ऐकत होतो. एकदा टोला कोरडा, खणखणीत वाजला. मधल्या बागेच्या कुंपणाकडे निघाला होता तो, मला कळलं. माझी बोटं उघडली. तिकडे वाल्दो धावत असेल. मी ती मिटवू शकलो नाही, कारण मिटवणारा हात आत नव्हता.

संध्याकाळी ओनेसिमो आला, गुडघ्यांपासून खाली तांबडी माती. त्याच्यामागून एवारिस्तो आला आणि न विचारता झुलत्या खुर्चीत बसला.

"डोमितिला," तो म्हणाला, "तुझ्या वड्या तूच विक. हा मला लागतो."

"लागतो तर न्या," ती म्हणाली, "पण त्याच्या विजारी तुम्ही धुवा. बागेत असताना गवताचे डाग निघत तरी होते."

ओनेसिमो मोठ्यानं हसला. असा तो कितीतरी दिवसांनी हसला होता. मित्रांनो, मला त्याचा आनंद झाला, आणि त्याच आनंदात मला बाग आठवली.

त्यानंतर काही महिने मी नुसता टांगलेला होतो. खाऱ्या वाऱ्यानं कातडं ताठरलं, एका बोटात कोळ्यानं घर केलं. तुमच्या घरातही असं काहीतरी असेल. ते अडगळीत फेकू नका, पण प्रेमाच्या हट्टानं जुन्याच जागी झुंजायलाही लावू नका. जवळ बसा, हात फिरवा, आणि त्याला अजून काय जमेल ते बघा. बाजूला ठेवायची वेळ आलीच तर त्याला सांगून ठेवा. आम्हाला बोलता येत नाही, ऐकू मात्र सगळं येतं.

माझी जागा डोमितिलानं शोधली. एक दिवस कोळ्याला झटकून तिनं मला अंगणातल्या खांबावर, कपडे वाळवायच्या तारेजवळ आणलं. मनगटाच्या बाजूनं माझं तोंड वर येईल असं टांगलं, आणि जिथे ओनेसिमोचा हात असायचा तिथे लाकडी चिमटे भरले. पहिल्या दिवशी मला फार अपमान वाटला. लाकडाला घाम येत नाही, लाकडाची नाडी उडत नाही.

दर सोमवारी ती ओनेसिमोचा सदरा तारेवर घालते. कितीही धुतला तरी बाहीवर पहिल्या बेसची तांबडी छटा राहतेच. वारं सुटतं, सदरा फुगतो, उसाच्या फडांवरून मैदानाकडे निघू बघतो. त्याला धरायला दोन चिमटे लागतात. डोमितिला न बघताच हात मागे करून माझ्यात घालते, आणि मी सोडतो.