गुंड्याला कसं सांगायचं?

शिंपीणकाकू आणि त्यांचे यजमान यांच्यातला अबोला मोठा शिस्तीचा होता. भांड्यांची आदळआपट नाही, दारं धाडकन लावणं नाही. काही सांगायचं असलंच तर ते कुत्र्याला सांगायचं. "गुंड्या, त्यांना सांग, पाणी तापलंय." की पलीकडच्या खोलीतून उत्तर यायचं, "गुंड्या, तिला म्हणावं, आलोच." गुंड्या दोन खोल्यांच्या मधल्या उंबऱ्याशी आडवा पडलेला असायचा आणि ज्या बाजूने आवाज येईल त्या बाजूचा कान उचलायचा. एवढ्यावर त्यांचा संसार बरा चालला होता.

यजमानांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. काम सोडून वर्षं झाली तरी गल्लीत सगळे त्यांना लिफ्टवालेच म्हणत. अबोल्याला कारण त्यांचंच तोंड. बायकोचं एक जुनं गिऱ्हाईक कापड घेऊन आलं होतं. हे आपले गमतीत म्हणाले, "हिच्याकडे कशाला देता? हिला आता सुईचं नेढं दिसत नाही. दोन्ही बाह्या एकमेकींना शिवून ठेवेल." गिऱ्हाईक हसलं आणि काहीतरी निमित्त काढून कापड परत घेऊन गेलं. काकू तेव्हा काही बोलल्या नाहीत, आणि नंतरही बोलल्या नाहीत. चार दिवसांत राग उतरेल, असं लिफ्टवाल्यांना वाटलं होतं. तो उतरला नाही. आपण होऊन बोलावं, तर यांची मान ताठ. गमतीची कसली आलीय माफी, असं ते स्वतःला समजावत राहिले. मनातून मात्र ते हसणं आठवलं की त्यांना कानकोंडं व्हायचं.

अशात गुंड्याला खोकला लागला. थोडं चाललं तरी धाप लागू लागली. दोघं त्याला घेऊन जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले, दोन वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसले आणि दोघांनीही नीट ऐकून घेतलं. गुंड्याचं वय झालंय, हृदय दमलंय, छातीत पाणी साठतंय. ते उतरवायला सकाळी एक गोळी, रोज, न चुकता.

आता खरी पंचाईत इथे झाली. घरात जे काही बोलायचं ते गुंड्यामार्फत. पण त्याच्या हृदयाचं त्यालाच कसं सांगायचं? "गुंड्या, तिला सांग, तुझं काही खरं नाही," असं त्याच्या तोंडावर म्हणण्याएवढं काळीज दोघांपैकी एकाकडेही नव्हतं. त्यामुळे त्याच्या आजाराचा विषय त्या घरात कधी निघालाच नाही.

गोळ्यांचं पाकीट काकूंनी दोऱ्यांच्या डब्यात ठेवलं. ते लिफ्टवाल्यांना कुठे दिसलं नाही. ही विसरली, असं ते धरून चालले. डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी कपाटावर होती, ती घेऊन ते औषधांच्या दुकानात गेले आणि नवं पाकीट आणून आपल्या पान्यांच्या पेटीत ठेवलं. काकू पहाटे उठून लोण्यात लपवून गोळी द्यायच्या. त्या आंघोळीला गेल्या की लिफ्टवाले उकडलेल्या अंड्याच्या बलकात लपवून द्यायचे. गुंड्याची तर चंगळच झाली. दोन्हीकडून खाऊ मिळत असताना तो कशाला तक्रार करतोय? आपण त्याची किती काळजी घेतो आणि दुसऱ्याला त्याचं काही पडलेलं नाही, असं दोघांनाही वाटत होतं, आणि त्यात दोघांनाही थोडं सुख होतं.

मग एके दुपारी गुंड्या उठायला गेला आणि त्याचे मागचे पाय लटपटले. तो तसाच बसला. लिफ्टवाल्यांनी हाक मारली, तर कान नुसता हलल्यासारखा झाला. त्यांनी त्याला उचललं, तेव्हा तो हाताला फारच हलका लागला. काकूंनी चपला घातल्या की नाही हेही न बघता दार उघडलं.

डॉक्टरीणबाईंनी त्याला टेबलावर झोपवलं, हिरड्या पाहिल्या, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लवकर खाली बसेना. हा पाणी किती पितो, असं त्यांनी विचारलं.

लिफ्टवाले म्हणाले की एक वाडगा, सकाळी ते स्वतः भरतात. काकू गुंड्याच्या डोक्यावर हात ठेवून गुंड्यालाच म्हणाल्या की दुपारचा आणि संध्याकाळचा वाडगा त्या भरतात. डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. लघवीचं विचारलं. सकाळी मोरीपाशी थारोळं असतं, असं लिफ्टवाले चाचरत म्हणाले. कुणी त्याच्यावर ओरडू नये म्हणून ते गुपचूप पुसून घेत. काकूंनीही कबूल केलं की दुपारी मशीनखाली असतं. तेही त्याच कारणासाठी गुपचूप पुसलं जायचं.

"आणि गोळी कोण देतं?"

"मी," दोघंही एकदम म्हणाले.

कित्येक आठवड्यांनंतर त्यांनी एकमेकांकडे सरळ पाहिलं. काकूंच्या तोंडावरचा रंग उडाला होता. लिफ्टवाल्यांना वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. रोज दुप्पट गोळी गेल्याने अंगातलं पाणीच आटलंय, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. सलाईन लावायला हवं, पण हृदय असं असल्यावर ते भरभर देता येत नाही. मूत्रपिंडांवर किती ताण आलाय हे रक्त तपासल्यावर कळेल. त्याला आज इथेच ठेवू. वाचेल का, असं लिफ्टवाल्यांनी विचारलं. उद्या सकाळी सांगते काका, असं उत्तर मिळालं.

घरी आल्यावर घर खायला उठलं. काकू मशीनपाशी बसल्या, पण मशीन चालू केलं नाही. लिफ्टवाले आपल्या खोलीत पलंगाच्या कडेला बसून राहिले. दिवेलागणीला स्वयंपाकघरातून चहाचा वास आला, पण हाक आली नाही. कुणाला सांगून येणार? खूप वेळाने काकूच कप घेऊन आल्या, तो स्टुलावर ठेवला आणि वळल्या. त्यांची पाठ बघून लिफ्टवाल्यांना राहवलं नाही. सवयीने तोंडातून निघून गेलं, "गुंड्या, तिला सांग..."

उंबऱ्याशी नुसती चटई होती. साठी उलटलेला तो माणूस तोंडावर पंजा ठेवून रडायला लागला.

काकू दारात थांबल्या.

"तो नाहीये घरात," त्या म्हणाल्या. "काय ते मलाच सांगा."

लिफ्टवाल्यांनी सांगितलं. धड सांगता आलं नाही. आधी गोळीचं सांगितलं, मग त्या कापडाचं, मग पुन्हा गोळीचं. ती गंमत नव्हती, असं म्हणाले. काम सुटल्यापासून आपल्याला कुणी बोलावत नाही आणि तुझ्याकडे मात्र माणसं येतात, हे डोळ्यांत सलत होतं, असंही म्हणून गेले. हे त्यांनी स्वतःलाही आजवर सांगितलं नव्हतं. काकूंनी ऐकून घेतलं. झालं गेलं सोडा, असलं काही त्या म्हणाल्या नाहीत. फार लागलं होतं मला, एवढंच म्हणाल्या आणि शेजारी बसल्या. चहा दोघांनी एकाच कपातून प्यायला, कारण दुसरा आणायला उठावंसं वाटेना.

सकाळी दवाखान्यात गेले तेव्हा गुंड्या जाळीच्या पिंजऱ्यात मान वर करून बसला होता. त्यांना पाहून त्याने शेपटी दोनदा आपटली आणि तो दमून थांबला. मूत्रपिंडं सावरतील, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गोळी आता अर्धी, तीही एकाच माणसाने द्यायची. आणि एक गोष्ट त्यांनी लपवली नाही. हृदय काही नवं होणार नाही. काही महिने मिळतील, नीट सांभाळलं तर जास्तही.

परतताना टॅक्सीत गुंड्या काकूंच्या मांडीवर होता. लिफ्टवाल्यांनी त्याचे मागचे पाय आपल्या मांडीवर घेतले होते. काकू खिडकीबाहेर बघत होत्या. मग वळून न बघता म्हणाल्या, "हा गेल्यावर पुन्हा गप्प बसणार का हो तुम्ही?"

लिफ्टवाल्यांच्या जिभेवर एक गंमत आली होती. ती त्यांनी गिळली.

"नाही," ते म्हणाले. "तू नाही बोललीस, तरी मी बोलेन."

काकूंनी गुंड्याचा कान आपल्या तळव्याने हलकेच झाकला.

"हळू बोला," त्या म्हणाल्या. "तो ऐकतोय."